जीभ मोकळी सोडायची

गुरांच्या दवाखान्यात अडतीस वर्षं काढलेले कंपाउंडर जनावर आलं की आधी जीभ बघत. फिकी, निळसर, कोरडी, चट्टे आलेली, असं वहीत नेटकं लिहीत. गाईच्या जिभेचा खरखरीतपणा त्यांच्या तळहातांना पाठ होता. स्वतःची जीभ मात्र ते फारशी वापरत नसत. घरात ते खातं बायकोकडे होतं. तिच्या जिभेला हाड नाही, हे सासूपासून सुनेपर्यंत सगळ्यांचं म्हणून झालं होतं. कंपाउंडर तेवढे म्हणत, दोघांच्या वाटणीचं एकटी बोलते, दमत असेल.

तिला पक्षाघात झाला. उजवं अंग लुळं पडलं, जीभ जड झाली आणि घर मुकं झालं. आठ दिवस नाकातल्या नळीवर गेले. मग डॉक्टरांनी नळी काढली. दोन दिवसांत तोंडाने पुरेसं गेलं नाही, तर नळी पुन्हा घालावी लागेल, आणि मग ती कधी निघेल ते सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

पहिल्याच जेवणाला मुलगा घट्टसर लापशीची वाटी घेऊन बसला. दोन चमचे ओठांवरून ओघळले. तो काकुळतीला आला आणि चमच्याने जीभ दाबून लापशी मागे सारू लागला. कंपाउंडरांनी त्याचं मनगट धरलं.

"जीभ सोड तिची."

"अहो बाबा, मग पोटात जाणार कसं?"

कंपाउंडर खाटेच्या कडेला टेकले आणि आजवर बायकोलाही न सांगितलेली गोष्ट सांगू लागले. नोकरीच्या पहिल्या वर्षी एक वासरू औषध पिईना. त्यांनी त्याची जीभ ओढून धरली आणि बाटली ओतली. जीभ धरली की जनावराला गिळता येत नाही. औषध फुफ्फुसात गेलं, तिसऱ्या दिवशी वासरू मेलं. आजही बाजारामागे राहणाऱ्या त्याच्या मालकिणीला त्यांनी सांगितलं, दुखणंच मोठं होतं.

"साधे जुलाब होते," ते म्हणाले. "मारलं मी त्याला."

बायकोची नजर त्यांच्यावरच होती.

त्यांनी तिची हनुवटी किंचित खाली घेतली, डाव्या गालात अर्धा चमचा लापशी ठेवली आणि हात मागे घेऊन बसून राहिले. बऱ्याच वेळाने जीभ हलली, वाकडी होत गालाकडे गेली. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. ठसका लागला नाही. वाटी संपायला पाऊण तास लागला.

शेवटच्या घासानंतर ती काहीतरी पुटपुटली. मुलाला कळेना.

"काय म्हणते?"

"त्या बाईला खरं कधी सांगणार, विचारते आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळची वाटी अर्ध्या तासात संपली. कंपाउंडरांनी तिचं तोंड पुसलं, मुलाला शेजारी बसवलं आणि चपला घालून ते बाजाराच्या दिशेने चालू लागले.