बर्फाचं शहर आणि नाचणारं सॉसेज

ओड्गाइर ब्रेन्नाला माणसांचा तिटकारा होता असं म्हटलं, तर तो त्याच्यावर अन्याय होईल. त्याला तिटकारा होता तो कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांचा, तयार कॉम्प्युटर विकत घेणाऱ्यांचा, पाण्याच्या नळ्या आणि रंगीत दिवे लावून तो सजवणाऱ्यांचा, नेटवरून आयता प्रोग्रॅम उतरवून त्यावर आपलं नाव टाकणाऱ्यांचा, पिझ्झा खाणाऱ्यांचा आणि शेजारच्या देशातल्या स्वीडिश लोकांचा. एवढे सगळे वगळून जी माणसं उरत त्यांच्यावर त्याचं प्रेम होतं. ती म्हणजे तो स्वतः आणि त्याचा शाळेपासूनचा मित्र एल्डार. एल्डारबद्दलही त्याचं मत असं होतं की, संगीत बरं करतो पण फार हसतो.

ओड्गाइर म्योसा सरोवराच्या काठच्या एका गावात नगरपालिकेच्या पाणीखात्यात नोकरीला होता. पंपांचे कॉम्प्युटर सांभाळायचा. वय पन्नाशीला टेकलेलं, डोक्यावर केस जेमतेम, पण जे होते ते मागे शेपटी बांधण्याइतके लांब. चौदाव्या वर्षी त्याने स्वतःला ‘झायलॉन’ असं नाव दिलं होतं आणि ते त्याने अजून सोडलं नव्हतं. त्यांच्या, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरवेड्यांच्या, जमातीत आईबापांनी ठेवलेल्या नावाला कोणी विचारत नाही. हे नाव उच्चारताना कधीच कोणी हसलं नाही, असं त्याला वाटत असे.

ईस्टरला सगळा देश डोंगरातल्या लाकडी घरांत जातो, बर्फावर घसरतो आणि उन्हात बसून संत्री सोलतो. ओड्गाइरची बायको उन्नीही जाई. ओड्गाइर मात्र आपला जुना काचेचा मॉनिटर, जो उचलायला दोन माणसं लागत, गाडीत घालून शहरातल्या बर्फ-हॉकीच्या हॉलमध्ये जाई. तिथे दरवर्षी कॉम्प्युटरवाल्यांची जत्रा भरते. बर्फ काढून टाकतात, काळे पडदे लावून सूर्य बंद करतात, आणि हजारो माणसं लांबच लांब टेबलांवर आपापले कॉम्प्युटर मांडून पाच दिवस बसतात. झोप आली की टेबलाखाली झोपतात. आंघोळीची सोय असते, पण तिचा उपयोग फारसा कोणी करत नाही.

ओड्गाइर तरुण होता तेव्हा या जत्रेला येणारा प्रत्येकजण काहीतरी बनवून आणायचा. निदान ओड्गाइर तसं सांगतो. एल्डारच्या आठवणीप्रमाणे निम्मे तेव्हाही चोरलेले गेमच वाटून घ्यायला येत. पण बनवणारे होते हे खरं. ते जे बनवत त्याला डेमो म्हणत. एक इवलासा प्रोग्रॅम, फोनमधल्या एका फोटोपेक्षाही लहान. तो चालू केला की पडद्यावर चित्रं जागच्या जागी तयार होत, फिरत, विरत, सोबत संगीत वाजे. तो खेळता येत नसे, त्याचा कशालाच उपयोग नसे. बघायचा आणि ‘एवढ्याशा जागेत कसं बसवलं?’ म्हणून चाट पडायचं. मग हॉलमधला भलामोठा पडदा, त्याच्यावर स्पर्धा, प्रेक्षकांची मतं, आणि पहिला नंबर.

पहिला नंबर ओड्गाइरला कधीच मिळाला नव्हता. एकदा दुसरा आला होता. ज्याने हरवलं तो स्वीडिश होता.

आता हॉल गेमवाल्यांनी भरलेला होता. डेमोवाल्यांना शौचालयाशेजारी, पडद्यामागे एक कोपरा दिला होता, जिल्ह्याच्या संग्रहालयात जुनी लोणी घुसळायची भांडी ठेवतात तसा. त्या कोपऱ्यात ओड्गाइर थर्मासमधली कॉफी पीत, ब्रेडवर तपकिरी चीज लावून खात, नाकाने कांदे सोलत बसलेला असे. यंदा त्याने चार वर्षं खपून केलेला डेमो आणला होता. बर्फाचं एक शहर. मनोरे, पूल, गोठलेले कालवे, आणि त्यावरून सरकणारा थंड उजेड. खरंच सुंदर होतं ते. माणूस कसाही असला तरी ते कबूल केलं पाहिजे. एल्डारने त्याला संगीतही असं दिलं होतं की ऐकताना अंगावर शाल ओढावीशी वाटे.

गुड फ्रायडेला दुपारी तिरिल आली. स्पर्धा तिच्याकडे होत्या. पोरगी पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र, हातात अर्धं खाल्लेलं केळं.

“ओड्गाइर, वाईट बातमी आहे. डेमोच्या स्पर्धेत एकच एंट्री आलीय. तुझी.”

“मग मी जिंकलो.”

“तीन हव्यात. नियम आहे. संध्याकाळपर्यंत तीन झाल्या नाहीत तर स्पर्धा रद्द. आणि या वर्षी रद्द झाली तर पुढच्या वर्षीपासून ती कार्यक्रमातच नसेल. समितीने ठरवलंय.”

“समितीत कोण आहे? गेमवाले?”

“माणसं आहेत,” तिरिल म्हणाली आणि केळं संपवत निघून गेली.

ओड्गाइरने आपल्या मॉनिटरकडे पाहिलं. चार वर्षं. उन्नीच्या तोंडची बोलणी, पाणीखात्यात लपूनछपून केलेलं काम, आणि हे शहर त्या मोठ्या पडद्यावर एकदाही दिसणार नाही?

“पडद्यापलीकडे जाऊन विचार ना,” एल्डार म्हणाला. “त्यातली बरीच पोरं प्रोग्रॅम लिहितात. कोणीतरी करेल काहीतरी. आपण मदत करू.”

“त्यांना? त्यांच्या हातांना चिप्सचं तेल असतं.”

“तुझ्या हाताला चीज लागलंय.”

“मी भीक मागायला जाणार नाही, एल्डार. तू हवं तर जा.”

एल्डार तिकडे गेला नाही; तो कॉफी आणायला गेला. आणि तेवढ्या वेळात ओड्गाइरच्या डोक्यात ती युक्ती आली, जी फक्त त्याच्यासारख्यालाच सुचू शकते. उरलेल्या दोन एंट्र्या आपणच करायच्या. खोट्या टोळ्यांच्या नावाने. आणि अशा भिकार करायच्या की बर्फाचं शहर बघून कोणालाही दुसरीकडे मत द्यायची लाज वाटावी.

पहिली म्हणजे एक फिरणारा घन, खाली एका शेतकरी युवक मंडळाचं नाव. ती जेवणाआधी झाली. दुसरी त्याने मजा घेत केली. ‘सॉसेज टोळी’ असं नाव ठेवलं. पडद्यावर बटाट्याच्या पोळीत गुंडाळलेलं एक सॉसेज, त्याला डोळे, मिशा, आणि ते अकॉर्डियनच्या तालावर नाचतं. खाली ओळी सरकतात: ‘खेळाडू बंधूंनो, आई विचारतेय घरी कधी येतोस? उजव्या हाताने माउस धरलाय, डाव्या हाताने काय धरलंय? साबण नावाची वस्तू आहे, माहीत आहे का?’ जितकं अपमानास्पद सुचेल तितकं त्याने घातलं. फक्त एका ठिकाणी त्याचं काही चालेना. सॉसेज आधी काठीसारखं ताठ नाचत होतं आणि ते त्याला बघवेना. वाईट करायचं ठरवलं होतं तरी हात ऐकेना. मग त्याने ते वाकवलं. मोजक्या ओळी लिहिल्या आणि ते असं लचकायला लागलं, जणू आत हाड नाही पण मन आहे. ते बघून तो एकटाच खूश झाला आणि मग स्वतःवरच चिडला.

शनिवारी दुपारी स्पर्धा झाली. हॉलमधले दिवे विझले. अंधार झाला की कोणीतरी “अमिगा!” म्हणून ओरडतं. तो एक जुना कॉम्प्युटर आहे, कधीच बंद पडला. ओरडणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो पाहिलेलाही नसतो. घन आला, फिरला, गेला. कोणीतरी उगाच शिट्टी मारली.

मग बर्फाचं शहर. ओड्गाइर टेबलाची कड धरून बसला. मनोरे उगवले, पूल जुळले, उजेड सरकला. त्याच्या पुढच्या रांगेतला एकजण फोनवर काहीतरी वाचत होता. दोघं उठून खाण्याच्या रांगेत गेले. संपल्यावर टाळ्या झाल्या. कंटाळवाण्या नातेवाइकाचं भाषण संपल्यावर होतात तशा.

“बरं झालं की,” एल्डार म्हणाला.

“बरं? अडाण्यांना काय कळणार.”

आणि मग सॉसेज आलं. पहिल्या लचक्याला हॉल हसला. ‘साबण’ आला तेव्हा सगळे उभे राहिले. कोणी खुर्चीवर चढलं, कोणी टेबलावर, आणि शेवटी हजारो माणसं अकॉर्डियनच्या सुरात “पोल्से! पोल्से!” म्हणून आपल्या भाषेत सॉसेजचा जयजयकार करू लागली. ओड्गाइरने त्यांच्या तोंडावर थुंकायला म्हणून जे केलं होतं ते त्यांना इतकं आवडलं होतं की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. एल्डारही हसत होता. मग एकदम थांबला आणि ओड्गाइरकडे वळला.

“हे तुझं आहे.”

“वेडा आहेस का?”

“ते वाकणं तुझं आहे. तीस वर्षं बघतोय मी. असं कोणी वाकवत नाही.”

ओड्गाइर थर्मासचं झाकण उगाच फिरवू लागला. ते एल्डारला पुरलं.

संध्याकाळी तिरिल निकाल घेऊन मंचावर आली. तिसरा नंबर, शेतकरी युवक मंडळ. कोणी उठलं नाही. दुसरा, झायलॉन आणि त्याचा साथीदार, बर्फाचं शहर. पहिला, सॉसेज टोळी. हॉल पुन्हा उसळला.

“सॉसेज टोळी, या मंचावर!” तिरिलने हाक मारली. कोणी आलं नाही. “कुठे आहात? तीन हाका मारीन. नाही आलात तर नियमाप्रमाणे पहिला नंबर दुसऱ्याला जाईल!”

एल्डारने ओड्गाइरचं मनगट धरलं. “गप्प बस. हलू नकोस. आणखी दोन हाका, की नंबर आपला.”

“मला कळतं,” ओड्गाइर म्हणाला. आणि खरंच कळत होतं. अख्ख्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याला नुसतं गप्प बसून काही मिळणार होतं, आणि ती गोष्ट त्याला जमण्यासारखी होती.

दुसरी हाक झाली. आणि गेमवाल्यांच्या रांगांतून तीन पोरं उठली. धिप्पाड, एकाच रंगाचे सदरे घातलेली, हसून लाल झालेली. शेजाऱ्यांनी ढकलत त्यांना मंचावर चढवलं. सगळ्यांना दिसत होतं की ही थट्टा आहे. तिरिललाही. ती हसत होती.

“तुम्ही केलंत?”

“आम्हीच!” मधला म्हणाला. हॉलने जल्लोष केला.

“आणि ते सॉसेज इतकं छान कसं वाकतं?”

पोराने खांदे उडवले. “ते काय, नेटवर आयतं मिळतं. उतरवून घेतलं.”

ओड्गाइर उभा राहिला. एल्डारने त्याला खाली ओढलं, पण तो एव्हाना खुर्चीवर चढला होता. अंगाचा तिळपापड झाला होता. त्याच्या जमातीत खून एकवेळ खपेल, पण दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावणं खपत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे, ते आयतं मिळतं म्हणणं.

“चोरांनो!” तो ओरडला. आवाज फाटला. “ते वाकणं मी लिहिलंय! मी! कुठेही मिळत नाही ते!”

हॉल वळला. कोणीतरी त्याच्यावर दिवा रोखला. तिरिलने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

“ओड्गाइर? सॉसेज टोळी म्हणजे तू?”

“हो!”

“आणि... युवक मंडळ?”

खोटं बोलायची हीच वेळ होती. पण कोणी कशाचा कर्ता, याबाबत तो जन्मात खोटं बोलला नव्हता. त्याचा सगळा ताठा त्यावरच उभा होता. “तेही मीच,” तो म्हणाला.

तिरिलने मंचामागे कोणाशी तरी कुजबूज केली. ती परत माइकपाशी आली तेव्हा हसत नव्हती. “म्हणजे स्पर्धेत माणूस एकच होता,” ती म्हणाली. “स्पर्धा रद्द. सॉरी, ओड्गाइर. आणि पुढच्या वर्षाचं तुला माहीत आहे.”

हॉलला त्याचं काहीच दुःख नव्हतं. तो “पोल्से! पोल्से!” करत ओड्गाइरसाठी टाळ्या पिटत होता. इतक्या टाळ्या त्याला उभ्या आयुष्यात मिळाल्या नव्हत्या, आणि त्या देणाऱ्या प्रत्येकाचा त्याला तिरस्कार वाटत होता.

थोड्या वेळाने मंचावरचा तो मधला पोरगा पडद्याच्या अलीकडे आला. हातात दोन सॉसेजं होती, एक त्याने टेबलावर ठेवलं. “सॉरी हं. आम्हाला वाटलं कोणी येतच नाहीये, म्हणून गंमत केली. ऐक ना, ते वाकवलंस कसं? मीही काल रात्रभर एक आकृती वाकवायला बघत होतो, माझी मध्येच तुटते. दाखवशील?”

ओड्गाइरने त्याच्या बोटांकडे पाहिलं. बोटांना तेल होतं. “तुला नाही समजायचं,” तो म्हणाला.

“बरं,” पोरगा म्हणाला. आणि गेला.

एल्डारने हेडफोन गळ्यात अडकवले आणि उठला.

“कुठे निघालास?”

“त्या पोराकडे.”

“तुला कुठे येतंय ते?”

“अर्धवट येतं. तेवढं सांगेन.” एल्डारने टेबलावरचं सॉसेजही उचललं. “तूही चल.”

“चुकीचं सांगशील!” ओड्गाइर ओरडला.

एल्डार पडदा बाजूला करून पलीकडे गेला. थोड्याच वेळात पलीकडून त्याचा आवाज ऐकू आला. तो पोरांना वाकण्याची पहिली ओळ सांगत होता, आणि ती चुकली होती. ओड्गाइरला ते बसल्या जागी कळलं. दुसरी ओळही चुकली. एक शब्द बोलला असता तरी पुरलं असतं. तो ऐकत राहिला, दरवेळी तिरस्काराने मान हलवत राहिला, आणि उठला नाही.