वहीतले मंगळवार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुमच्यापाशी तरी नीट सांगता येईल का, कोण जाणे.

तरुणपणी मी कोल्हापुरात एका डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली होतो. कागलचे कासीमभाई त्यांच्याकडे येत. सरकारी पागेची खोगिरं शिवायचे. नडगीचं हाड सडलेलं, वर्षभर पू वाहत होता. असा पू फार दिवस राहिला की यकृतात, मूत्रपिंडात मेणासारखा थर साचतो आणि माणूस जातो, असं डॉक्टरसाहेबांच्या वाचनात आलं होतं. मग पाय कापावा का? पण शिवताना चामडं दोन्ही गुडघ्यांत धरावं लागतं. पाय गेला की धंदा गेला. म्हणून आधी सशावर पाहायचं ठरलं.

दर मंगळवारी त्याच जखमेतला पू पातळ करून सशाला टोचायचा आणि वहीत लिहायचं — हे काम माझं. दोनदा टोचला. तिसऱ्या मंगळवारी ससा माझ्या हातात थरथरायला लागला. मी सुई ठेवून दिली. वहीत मात्र लिहिलं, ‘सुई दिली.’

दया होती का ती? त्या दिवशी असेल. पुढचे चार महिने सुई न देताच तेच लिहीत राहिलो, ते? तेव्हा नुसती सोय होती.

शेवटी ससा कापला. मेणाचा थर असला तर आयोडीन टाकल्यावर यकृत गडद तांबूस होतं. तसं काही झालं नाही. डॉक्टरसाहेब पाय राहू दे म्हणाले, आणि माझ्या हाताला शिस्त आहे, असंही म्हणाले. मी बोलू शकलो असतो — तिथेच, तेव्हाच. नोकरीची भीती वाटली. आणि ती शाबासकी... ती मला हवी होती.

कासीमभाईंनी माझा हात धरला. “तुज्या सशानं पाय वाचिवला की रं माजा. बरं वाटलं की कागलपातूर चालत जातो बघ.”

वर्षभरात त्यांचं तोंड सुजलं, मग पोट. लघवी उकळली की अंड्यातल्या पांढऱ्या भागासारखी गोठायची. मूत्रपिंडं गेली होती. आता कापून उपयोग नव्हता.

ते गेल्याचा निरोप आला. डॉक्टरसाहेब म्हणाले, “सशानं फसवलं आपल्याला.”

मी हो म्हणालो.

ती वही माझ्याकडेच आहे. दर मंगळवारी, माझ्याच अक्षरात — सुई दिली. सुई दिली. सुई दिली.