मोटारीची भरपाई मागायला गेले तेव्हा

आमच्या यांनी मोटार घेतली ती मला न विचारता. बदली होऊन निघालेल्या एका अधिकाऱ्याने ती विकायला काढली होती. हे तिकडे रोगी बघायला म्हणून गेले आणि मोटारीत बसूनच परत आले. मी दारात उभी राहून बघतच राहिले. कापडी टप, पुढे दोन मोठे डोळ्यांसारखे दिवे, बाजूला रबरी फुग्याचा भोंगा. मस्तगड मोहल्ल्यातली आमची अख्खी गल्ली गोळा झाली होती.

हे डॉक्टर. दवाखाना जालन्यात, पण निम्मे रोगी खेड्यांतले. हसनाबादकडून कुणी बाळंतीण अडल्याचा निरोप आला की टांगा जोडून पोचेपर्यंत दिवस मावळायचा. दोनदा तर पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. म्हणून मोटारीवर मी कधी नाक मुरडलं नाही. एकच होतं, तिचा ब्रेक ढिला होता. गल्लीला उतार, त्यामुळे मोटार दारात उभी केली की हे पुढच्या चाकाखाली एक दगड सारून ठेवत.

वैशाखातली दुपार होती. हे जेवून आडवे झाले होते, मी ओसरीवर गहू निवडत होते. बाहेर मुलांचा दबका आवाज येत होता, पण मुलं म्हटली की आवाज असायचाच. मग एकदम मोठी किंकाळी आणि पाठोपाठ पत्रा चिरडल्याचा आवाज. मी अनवाणीच बाहेर धावले. दारातली मोटार जागेवर नव्हती. गल्लीच्या टोकाला जनावरांच्या पाण्याचा दगडी हौद होता, त्यावर ती नाक घालून उभी होती. पुढच्या दोन्ही दिव्यांच्या काचा रस्त्यावर पसरल्या होत्या, एक मडगार्ड आत गेलं होतं आणि टप कडेला अडकून फाटला होता.

आत आमची सात वर्षांची मुलगी स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून बसली होती. तिच्याशेजारी तांबटाचा मुलगा, मागे समोरच्या कारकुनाच्या दोन मुली. सगळ्यांचे चेहरे पांढरेफटक. पाचवा होता शिवणकाम करणाऱ्या भाभीचा मुलगा. चाकाखालचा दगड त्यानेच काढला आणि चालत्या मोटारीत चढायला म्हणून तो धावला, असं नंतर कळलं. मी पोचले तेव्हा तो आपल्या घराकडे पळत चाललेला पाठमोरा दिसला. पळतोय म्हणजे धडधाकट आहे, असं मी धरून चालले. उरलेल्या चौघांना मी उतरवून घेतलं, हातपाय चाचपले. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

हे बाहेर आले. मुलांकडे बघितलं, मोटारीकडे बघितलं, आणि मिस्त्रीला निरोप धाडला.

टेसनाजवळच्या मिस्त्रीने मोटार बैलांनी ओढून नेली. काचा मुंबईहून मागवाव्या लागतील, त्याही कलदार रुपये मोजून, असं त्याने सांगितलं. आमच्याकडे निजामी हाली सिक्का चाले, इंग्रजी कलदार घ्यायला वर बट्टा द्यावा लागे. खर्चाचा आकडा ऐकून मी पदर तोंडाला लावला. कारकुनाचा दोन महिन्यांचा पगार झाला असता तेवढा.

रात्री जेवताना हे म्हणाले, "पाच पोरं होती. खर्चाचे पाच वाटे करायचे. एक आपला."

"अहो, लहान लेकरं ती."

"लेकरं लहान आहेत, बाप लहान नाहीत. आज मोटार हौदावर गेली, उद्या कुणाच्या अंगावर गेली तर? खिशाला लागलं की पोरांवर लक्ष राहतं."

त्यात खोटं काही नव्हतं. पण बापांशी बोलायला हे स्वतः जाणार नव्हते. दवाखान्यात सगळ्यांशी रोजची गाठ, तिथे पैशाची भाषा नको, असं यांचं म्हणणं. तेव्हा ते काम माझ्याकडे आलं, बायकांमार्फत.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी मुलीचा हात धरून निघाले. तिला मुद्दाम बरोबर घेतलं, आपल्या करणीचं काय होतं ते तिनेही बघावं म्हणून. तांबटाकडे वाद झालाच नाही. तो भट्टीपुढून उठला आणि म्हणाला, "डाक्टरीणबाई, पैसे तर देतोच. पण त्ये मडगार्ड मिस्त्रीला कशाला ठोकायला लावता? माझ्याकडं पाठवा. पत्रा सरळ करणं आमचंच काम हाय." त्याचा मुलगा त्याच्या पाठीमागे लपून माझ्या मुलीकडे बघत होता. दोघांनाही हसू आवरेना, म्हणून मी डोळे वटारले.

समोरचा कारकून कचेरीत कामाला, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे कलम. त्याची बायको आत चहा टाकायला गेली आणि तो स्वतःच बोलायला बसला. "वहिनी, गाडी उतारावर उभी केल्ती का न्हाई? केल्ती. ब्रेक ढिला व्हता का न्हाई? व्हता. मंग सगळा गुन्हा लेकरांचाच कसा?"

हीच गोष्ट मी यांना दहादा सांगितली होती. "तुम्ही यांच्याशीच बोला," एवढं म्हणून मी चहा संपवला.

भाभीचं घर गल्लीच्या मागच्या बाजूला, एका खोलीचं. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. आख्ख्या मोहल्ल्याचे कुडते, पायजमे, चोळ्या ती हाताच्या मशीनवर शिवायची. मला दारात बघताच ती उठली, कोनाड्यातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. चांदीचे पैंजण होते.

"बाई, पैसा न्हैं है. ये रख लो."

माझ्याने ते धरवेनात. मी म्हटलं, "भाभी, हे राहू द्या. मुलगा कुठंय? दिसला न्हाई तीन दिवसांत."

"मामू के गांव गया," ती म्हणाली, आणि मशीनकडे तोंड फिरवलं.

तेवढ्यात माझी मुलगी माझ्या लुगड्याला धरून हळूच म्हणाली, "आई, तो गेला न्हाई. तो आतच हाय. त्याचा हात मोडलाय. कुणाला सांगू नको म्हणला."

खोलीत एक जुनी चादर आडवी बांधलेली होती. भाभीने मला अडवलं नाही. मी चादर सारली. मुलगा भिंतीशी टेकून बसला होता. उजव्या कोपराला आंबेहळदीचा लेप, त्यावर चिंध्या बांधलेल्या. हात कोपरापासून मनगटापर्यंत टम्म सुजला होता, अंग तापलेलं. मोटारीत चढताना तो पडला होता आणि तसाच उठून घरी पळाला होता.

"भाभी, दवाखाना पन्नास पावलांवर हाय. का न्हाई आणलं त्याला?"

ती रडू लागली. "दवाखान्याकू लेके आती तो डाक्टरसाब मोटर का पूछते. एक खर्चा सिर पे है, दूसरा कां से लाऊं?"

त्या लेकराला मी उचललं. आठ वर्षांचा असेल, पण अंगात काही नव्हतं. भाभीने बुरखा ओढला आणि मागून आली. भर दुपारी त्याला कडेवर घेऊन मी गल्लीतून चालले होते आणि मनात एकच भीती होती. सुजलेल्या हाताची बोटं काळीनिळी पडली की हात कापावा लागतो, हे यांच्या तोंडून मी ऐकलेलं होतं. त्याच्या बोटांकडे बघायचं धाडस मला होत नव्हतं.

दवाखान्यात हे एका म्हाताऱ्याची छाती तपासत होते. मला बघून उभे राहिले. मी मुलाला टेबलावर बसवलं. भाभी दाराशीच थांबली. यांनी चिंध्या कापल्या, लेप धुतला, आणि कुणाला काही न विचारता त्याच्यापुढे वाकले.

"बेटा, उंगलियां हिलाओ."

मुलाने आईकडे बघितलं. काही झालं नाही. हे पुन्हा तितक्याच शांतपणे म्हणाले, "जल्दी नहीं. आहिस्ता."

अंगठा हलला. मग पहिलं बोट. मग सगळी हलली, थोडी थोडी. यांनी त्याच्या नखांवर दाबून रंग परत येतो का ते पाहिलं आणि मोठा श्वास सोडला. तेव्हा कुठे मी तिथल्याच बाकावर बसले.

"हात वाचतो," हे भाभीला म्हणाले. "हड्डी हिली है. बिठा देता हूं. रोना मत."

हाड बसवताना मुलगा असा ओरडला की माझी मुलगी कानांवर हात ठेवून बाहेर पळाली. मग बांबूच्या कामट्या लावून यांनी हात गळ्यात बांधला आणि त्याला दूध प्यायला दिलं.

भाभीने पुन्हा ते फडकं पुढे केलं. हे चपापले. आधी त्यांना कळेना, मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी फडकं तिच्याकडे परत सारलं. मला वाटलं, आता माफ केलं म्हणतील, आणि भाभी ते कधीच घेणार नाही. ती तशी होती. पण यांनाही ते माहीत असावं.

"भाभी, मोटर का टप फटा है," हे म्हणाले. "नया सीना पड़ेगा. कपड़ा मैं लाता हूं, सिलाई आपकी. आपका हिस्सा बराबर."

तिने बुरख्याआडून विचारलं, "और हाथ का?"

"दवाखाने का हिसाब मोटर में नहीं आता."

संध्याकाळी यांना जेवण गेलं नाही. ताटावरून उठले आणि म्हणाले, "तू गेली नसतीस तर?" दोघेही ओसरीवर येऊन बसलो. मुलगी माझ्या मांडीवर झोपून गेली होती.

मग सगळं हळूहळू मार्गी लागलं. तांबटाने मडगार्ड असं सरळ केलं की मिस्त्रीच बघायला आला. कारकुनाने दोन मुलींच्या दोन वाट्यांपैकी एकच दिला, "निम्मा ब्रेकच्या खाती," असं म्हणत. यांना हसू आलं. निम्मा घेतला आणि त्याच आठवड्यात ब्रेक बदलून टाकला. भाभीने जाड किंतानाचा टप शिवला, दुहेरी टाक्यांचा. मुंबईहून काचा यायला मात्र पावसाळा उजाडला. तोवर हे पुन्हा टांग्यानेच फिरले.

कामट्या सोडायच्या दिवशी आम्ही सगळे दवाखान्यात जमलो. हात बारीक झाला होता, कोपर किंचित वाकडं राहिलं होतं. भाभी सारखी बघत होती. उजवा हात, पुढे मशीन चालवायची तर तोच लागणार.

"सलाम कर डाक्टरसाबकू," ती म्हणाली.

मुलाने हात उचलला. छातीपर्यंत आला तिथे अडखळला, कपाळावर आठी आली, आणि मग तो हात पूर्ण वर गेला, कपाळाला लागला. यांनीही तितक्याच गंभीरपणे सलाम केला. भाभी हसली आणि लगेच बुरखा डोळ्यांवर ओढून घेतला. मी घरी येऊन चूल पेटवली आणि गल्लीभरच्या मुलांसाठी शिरा केला.