हजार वॅटचा सूड

माझ्या लग्नात मी दोन माणसं पहिल्यांदा नीट पाहिली. एक माझी बायको आणि दुसरा श्रावण तितिरमारे. त्यातही श्रावण आधी दिसला, कारण तो आम्हा दोघांच्या मध्ये उभा होता. खांद्यावर रेडकाएवढा व्हिडिओ कॅमेरा, आणि मागे त्याच्या मेव्हण्याच्या हातात हॅलोजनचा दिवा. त्या दिव्याची आच अशी की माझ्या मामेसासऱ्यांच्या फेट्यातून वाफ निघाली, बाशिंगाचा डिंक वितळून माझ्या भुवईवर आला, आणि आचाऱ्याने त्या दिवशी पापड तळले नाहीत, नुसते दिव्यासमोर धरले, असं माझी आत्या शेवटपर्यंत सांगत होती. मंगलाष्टकं संपली, अंतरपाट खाली आला, मी हार घातला. तेवढ्यात श्रावण म्हणाला, "भाऊ, टेप अडकली. अंतरपाट वर घ्या. परत."

भटजींनी डोळे वटारले, पण कॅमेऱ्यापुढे वटारलेले डोळे कायमचे राहतात हे ओळखून लगेच मिटले. माझं लग्न त्या दिवशी तीनदा लागलं. चौथ्यांदा लावायला सासऱ्यांनी नकार दिला. त्यामुळे मी आजही घरात जपून भांडतो. एका लग्नातून माणूस सुटेल, तीन लग्नांतून कसा सुटणार?

कॅसेट घरी आली तेव्हा श्रावणचा खरा स्वभाव कळला. मांडवात माझ्या एका साळ्याने त्याला "बाजूले हो बे, दिसत नाई" म्हणून ढकललं होतं. तो साळा अख्ख्या कॅसेटमध्ये एकदाच दिसतो. बुंदी खाताना. चार मिनिटं. स्लो मोशनमध्ये. मागे सनई.

लाखनी तालुक्यात श्रावणच्या कॅमेऱ्याला लोक बिबट्यापेक्षा जास्त भितात ते यामुळे. तो कुणाशी भांडत नाही, कुणाला उलट बोलत नाही. अपमान झाला की मान डोलावतो, आणि मग वधूच्या पाठवणीत तुमची जांभई घालतो. फुकट फोटो मागणारे एक पुढारी त्याने सत्काराच्या व्हिडिओत झोपलेले दाखवले, आणि त्यांच्या घोरण्याच्या ठेक्यावर टाळ्या बसवल्या. अशा माणसाचा अपमान करायला छाती लागते, किंवा मग भय्याजी कापगतेंसारखं बेफिकीर डोकं.

भय्याजींची धानगिरणी श्रावणच्या घरासमोर, गल्ली ओलांडली की लगेच. दोघांची वीज एकाच डीपीवरून, म्हणजे चौकातल्या ट्रान्सफॉर्मरवरून येते. दिवाळीनंतर नवं धान निघालं की भय्याजींची मोटर सुरू होते, आणि सुरू होताना ती अख्ख्या गल्लीचा श्वास ओढून घेते. बल्ब पिवळा होतो, पंख्याची पाती मोजता येतात, आणि श्रावणचा कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो. लग्नाचे दिवसही तेच. लग्नाची फिल्म जोडून मशीनमधून पक्की करून काढायला तास न् तास लागतात, आणि नव्वद टक्क्यांच्या पुढे गेली की समोरून मोटर ढेकर देते. सगळं पुन्हा पहिल्यापासून. अशा रीतीने जे माझ्यावर मांडवात आलं होतं, ते आता श्रावणवर घरात येत होतं. मला त्यात थोडा दैवी न्याय दिसला, पण मी बोललो नाही. माझ्या मुलीचं लग्न व्हायचं आहे.

शेवटी श्रावण विनंती करायला गेला. नेमका पानठेल्यावर, चार लोकांदेखत.

"भय्याजी, मोटर लावाच्या आधी आवाज देत जा न जरा. माहा कॉम्प्युटर बंद पडून राहिला."

भय्याजींनी तंबाखूचा खर्रा दाढेखाली सरकवला आणि म्हणाले, "तुह्या डब्ब्यातच दम नाई, श्रावण. त्यात माह्या मोटरचा काय दोष?"

पानठेला हसला. श्रावणने मान डोलावली. ती डोलावलेली मान पाहून मी माझं हसणं अर्ध्यावरच सोडलं.

त्या दिवसापासून त्याला एकच ध्यास लागला: भय्याजींनी तो शब्द मागे घ्यायचा. त्याच पानठेल्यावर, त्याच लोकांदेखत. आणि त्यासाठी गिरणी बंद पाडायची. कशी? त्याचं शास्त्र श्रावणकडे तयार होतं, आणि ते त्याला बोडीवर मिळालं होतं.

दोघांची शेतं एका बोडीला लागून आहेत. बोडी म्हणजे शेतातलं लहानसं तळं. एका वर्षी पावसाने दगा दिला आणि दोघांनी एकदम पंप टाकले. भय्याजींचा पाच हॉर्सपॉवर, श्रावणचा तीन. भय्याजींच्या पाइपातून पाणी हत्तीच्या सोंडेसारखं पडलं, श्रावणच्या पाइपातून नुसता फुसफुस आवाज आला आणि त्याचे परे, म्हणजे धानाची रोपं, वाळून गेले. तेव्हापासून त्याचा सिद्धांत पक्का: मोठी मोटर पाणी पिते, लहान मोटर हवा खाते.

"करंटचंबी तसंच हाये, भाऊ," त्याने मला समजावलं. "डीपी म्हंजे बोडी. त्याची मोटर मोठी, माहा कॉम्प्युटर लहान. आता म्या असा कॉम्प्युटर बनवतो, का त्याच्या मोटरले हवा खा लागन."

कॉम्प्युटरच्या पोटात वीज वाटून देणारा एक डबा असतो, पॉवर सप्लाय. आमच्याकडे सगळे त्याला एसएमपीएस म्हणतात. श्रावणचा जुना होता साडेचारशे वॅटचा. नवं मशीन घरीच जोडायचं ठरलं, आणि त्याने सुरुवात पॉवर सप्लायपासून केली. लोक आधी प्रोसेसर ठरवतात, ग्राफिक कार्ड ठरवतात, मग त्यांना पुरेल असा पॉवर सप्लाय बघतात. याने आधी मांडव घातला, मग नवरी शोधायला निघाला.

आम्ही नागपूरला सीताबर्डीवर गेलो. दुकानात काउंटरला गुंजन नावाची तरतरीत मुलगी होती. तिने विचारलं, "काका, कार्ड कोणतं लावणार?"

"ते मागून पाहू. तुमच्याकडचा सगळ्यात मोठा एसएमपीएस दाखवा."

"गेमिंग करता का?"

"नाई. बदला घ्याचा हाये."

गुंजनने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

तिने धीर धरून विचारपूस केली. काय काम, किती स्क्रीन, घरी काय प्रॉब्लेम. मोटर सुरू झाली की मशीन बंद पडतं म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "मग तर सोपं आहे काका. तुम्हाला वॅट नाही वाढवायचे. चांगल्या कंपनीचा साडेपाचशेचा घ्या, फक्त इनपुट बघून घ्या. हा बघा, शंभर व्होल्टपासून दोनशे चाळीसपर्यंत चालतो. लाइन किती पण पडू द्या, मशीन बंद नाही होणार. सोबत एक यूपीएस लावून टाका."

"यूपीएस म्हंजे पळपुटेपणा," श्रावण म्हणाला. "लढाचं नाई, लपाचं. मले सांगा, हजार वॅटचा हाये का?"

"आहे. पण काका, तुमच्या मशीनला दोनशे लागले तर तो दोनशेच घेईल. हजारचा असला म्हणून हजार थोडी ओढतो?"

"पण ओढू तं शकते न?"

"शकतो, पण—"

"बस. बांधा."

"काका, त्याने समोरच्याची मोटर नाही बंद होत!"

"पोरी, तू बोडी पाह्यली का कधी?" श्रावण मायेने म्हणाला.

तिने पाहिली नव्हती. खोकं बांधून देताना ती मला हळूच म्हणाली, "अंकल, यात पण शंभर ते दोनशे चाळीसच आहे. काम होऊन जाईल त्यांचं." तिला वाटलं, काम म्हणजे काम.

हजार वॅटच्या त्या पॉवर सप्लायने पिशवीतली जागा आणि खिशातला जीव दोन्ही खाल्ले. उरलेल्यात प्रोसेसर साधाच आला, कार्ड जुनंच राहिलं. घरी जोडणी सुरू झाली. श्रावणची बायको रिता दारात उभी राहून बघत होती. कॅबिनेटात पॉवर सप्लाय बसला तेव्हा त्याच्या तारांचा असा गठ्ठा झाला की बाकीच्या वस्तू कोपऱ्यात अंग चोरून बसल्या.

"चार पायाचा पलंग नाई हाये घरात धड," रिता म्हणाली, "अन् तुमी कायले हे तोफ आणून ठेवली?"

"तोफच हाये," श्रावण खूश झाला. त्याला ते कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी लढाई ठरली. दुपारी भरडाईची वेळ. श्रावणने मला खिडकीत बसवलं, साक्षीदार म्हणून. मशीनला काम तरी किती द्यावं? साकोलीचं लग्न, पालांदूरचं बारसं आणि एका शाळेचं स्नेहसंमेलन, तिन्ही एकदम. जास्तीत जास्त ओढ लागावी म्हणून. पंखा घोंघावायला लागला. स्क्रीनवर आकडे चढू लागले. समोर भय्याजी गमछा झटकत गिरणीत शिरले.

"आता पाह्यजा, भाऊ," श्रावण कुजबुजला. त्याच्या डोळ्यांत मला माझा बुंदी खाणारा साळा दिसला.

मोटर लागली. बल्ब पिवळा झाला. पंख्याची तिन्ही पाती मी मोजली. फ्रिजने कण्हून मान टाकली. आणि कॉम्प्युटर चालू राहिला. नुसता चालू नाही, त्याला काही झाल्याचं कळलंही नाही. नव्वद झाले. चौऱ्याण्णव झाले, जिथे आजवर कित्येक नवऱ्यांच्या वराती परत फिरल्या होत्या. अठ्ठ्याण्णव. शंभर. साकोलीची नवरी एका दमात सासरी पोचली.

"झाला! झाला न वं बाई पूरा!" रिताने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

श्रावण खिडकीतून समोर बघत होता. तिथे गिरणी भकभक भकभक चाललीच होती. कोंडा उडत होता, भय्याजी गात होते.

"गिरणी बंद नाई झाली," तो म्हणाला.

"अरे, पण तुझं काम झालं ना?"

"कामाले काय चाटाचं हाये, भाऊ?"

मी आयुष्यात इतका दुःखी यशस्वी माणूस पाहिलेला नाही. मग त्याच्या डोक्यात आलं की तोफ एकटी पडली आहे, तिला कुमक पाहिजे. त्याने हिटर बादलीत सोडला. इस्त्री लावली. मिक्सर रिकामाच फिरवला. माळ्यावरून कूलर उतरवला, ऐन डिसेंबरात, आणि तो रिताच्या तोंडावर सुरू केला. शेवटी शेजारच्या कुंताबाईंकडून त्यांची विजेची शेगडी मागून आणली. कुंताबाईंना वाटलं पाहुणे आले; त्या शेगडीबरोबर साखरही घेऊन आल्या.

शेगडीचं बटण दाबलं आणि चौकातल्या डीपीवर फाट्‌ असा आवाज झाला.

गिरणी थांबली. भकभक विझत विझत गेली आणि भय्याजींचं गाणं एकटंच उघडं पडलं. श्रावण अनवाणी गल्लीत धावला आणि ओरडला, "काहून भय्याजी! कोठी गेला दम?"

अख्ख्या गल्लीची वीज गेली होती, त्याच्या घरची सगळ्यात आधी. शाळेचं स्नेहसंमेलन छत्तीस टक्क्यांवर मेलं होतं. डीपीचा फ्यूज उडाला एवढीच ती गोष्ट. पण गल्लीला ती तशी दिसली नाही. संध्याकाळपर्यंत पानठेल्यावर एकच चर्चा: श्रावणच्या घरी हजार वॅटचा डबा आला, अन् त्याने भय्याजीची मोटर पाडली. लोक डबा बघायला आले. एका म्हातारीने लांबूनच हात जोडले. श्रावण प्रत्येकाला झाकण काढून दाखवत होता आणि माणसागणिक डब्याचे वॅट वाढत होते. मी झोपायला गेलो तेव्हा ते अठराशेवर होते.

आणि नवल म्हणजे हंगाम संपायच्या आत भय्याजींनी गिरणी हलवली. गल्लीतून उचलली आणि गावाबाहेर हायवेवर नव्या शेडमध्ये नेली. मोटर ट्रॅक्टरवर चढताना श्रावणने कॅमेरा लावून सगळं शूट केलं. घरी नेऊन ते स्लो मोशनमध्ये टाकलं, आणि मागे सनई.

"पळाला, भाऊ," तो म्हणाला. "आता फक्त शब्द मागं घ्याचा राह्यला."

तो घेतल्याशिवाय त्याला चैन पडेना. पानठेल्यावर भय्याजी आता येत नसत, म्हणून आम्हीच शेडवर गेलो. पानठेल्यावरचे दोघे जण श्रावणने मोटारसायकलवर बसवून सोबत आणले, साक्षीला. भय्याजी खुर्चीवर बसून ट्रकमध्ये पोती चढताना बघत होते. आम्हाला पाहून उठले, खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला.

"ये श्रावण, बस. कसं वाटते शेड?"

श्रावण बसला नाही. "भय्याजी, तो शब्द मागं घ्या."

"कोणता शब्द बाप्पा?"

"पानठेल्यावर म्हटला होता तो. तुह्या डब्ब्यात दम नाई म्हणून."

भय्याजींनी डोक्यावरची टोपी मागे सारली, बराच विचार केला, आणि अगदी मनापासून विचारलं, "म्या म्हटलं होतं? कई?"

श्रावण साक्षीदारांकडे वळला. साक्षीदार चहाकडे वळले.

"अन् मोटर? मोटर कोणाच्या भेवानं हलवली मंग?"

"भेव कायचा? गल्लीत ट्रक वळत नोहता, राजा. दोन सालापासून शेडचं काम चालू हाये. तुले नाई मालूम?" मग काहीतरी आठवून ते हसले. "तुह्याच नातवाच्या नामकरणात त सांगितलं होतं म्या. तूच शूटिंग करून राहिला होता."

श्रावणने मान डोलावली नाही. त्याने चहा घेतला.

घरी येऊन त्याने ती नामकरणाची फिल्म काढून पाहिली. भय्याजी शेडबद्दल बोलत होते, अगदी स्पष्ट.

गिरणी हायवेवर आहे. गल्लीतलं व्होल्टेज आता पडत नाही. तो हजार वॅटचा पॉवर सप्लाय अजून चालू आहे. मशीन त्यातले दोनशे वॅट वापरतं.