वयनीचं न्हाणं

माझी थोरली जाऊ आजारी पडली तेव्हा आमच्या गावात त्या रोगाचं नाव कुणी घेत नसे. नुसतं 'गाठ' म्हणत, आणि तेही आवाज खाली करून. नाव घेतलं की रोग घर विचारत येतो, अशी समजूत. मला या बावळटपणाचा तेव्हाही राग यायचा, आजही येतो. पण खरं सांगायचं तर मीसुद्धा ते नाव कधी मोठ्यानं घेतलं नाही.

तिला मी वयनी म्हणायची. अलिबागच्या अलीकडे, खाडीला लागून आमचं गाव. घरची भातशेती, आणि आम्हा दोघींचे नवरे मुंबईला गिरणीत. देश स्वतंत्र होऊन दहाएक वर्षं झाली असतील. त्या साली दसऱ्यानंतर मुंबईच्या इस्पितळात वयनीची डावी छाती काढली. जखम भरेपर्यंत आम्ही तिला घरी आणलं.

तेव्हा गाव काय चीज आहे ते कळलं. तिच्या माहेरचे येऊन तिच्या लेकीला घेऊन गेले, "पोरीला लागण नको" म्हणून. विहिरीवर ती गेली की बाया आपापली भांडी उचलून बाजूला होत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारणीनं तिच्यापुढं करंडा सरकवला आणि म्हणाली, "तूच लाव गो तुझ्या हातानं." वयनीनं लावलं. मी तिथल्या तिथं शेजारणीची अशी हजेरी घेतली की वाण तसंच राहिलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे गावाला ठाऊक होतं.

संक्रांतीनंतर मुंबईला विजेचा शेक, म्हणजे क्ष-किरणांचा उपचार, सुरू झाला. मी तिच्याबरोबर गिरणीच्या चाळीत राहायला गेले. शेकासाठी डॉक्टरांनी तिच्या कातडीवर जांभळ्या औषधानं रेघा आखल्या होत्या. नर्सबाईंनी आम्हा दोघींना समोर बसवून बजावलं, "या रेघा पुसायच्या नाहीत. तिथं पाणी नको, तेल नको, हळद तर मुळीच नको. कातडी भाजलेली असते. ती फुटली तर शेक थांबवावा लागेल, आणि असा मध्येच थांबला तर गाठ पुन्हा डोकं काढील." वयनीनं मान हलवली. तिला सगळं समजलं होतं.

शिमग्याला दोन दिवस शेक बंद, म्हणून आम्ही लाँचनं रेवस बंदरात उतरून घरी आलो. तोवर तिची ती बाजू करपलेल्या भाकरीसारखी काळी पडली होती. पदराचा काठ लागला तरी ती दचकायची. खाणंही सुटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकाएकी म्हणाली, "कालवांचं कालवण खावंसं वाटतं." मला एवढा आनंद झाला की ओहोटी लागताच मी टोपली घेऊन खडकांवर गेले. कालवं फोडण्यात उन्हं चढली ते कळलंच नाही.

परतताना आळीच्या तोंडाशीच निरगुडीच्या पाल्याचा वास आला. निरगुडीचं पाणी आमच्याकडे उकळतात ते बाळंतिणीसाठी, आणि आळीत कुणी बाळंतीण नव्हती. पुढं आले तर धूर आमच्याच परसातून निघत होता. मी धावतच परसात शिरले.

न्हाणीच्या दगडावर वयनी उघडी बसली होती. भोवती आळीतल्या बाया, आणि मागं गावची सुईण, कोपरापर्यंत हळदीनं माखलेली. करंडा सरकवणारी शेजारीण तांब्यानं कढत पाणी ओतत होती. सगळ्या हसत होत्या. दगडावरून जांभळं-पिवळं पाणी वाहत अळवात चाललं होतं. रेघा पार गेल्या होत्या.

"ये गो, बग कशी उजाळली!" सुईण म्हणाली. "आमी भ्यालो व्हतो, खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, आपलीच बाय हाय, आपनच न्हाय धरली तर कोन धरनार?" बोलता बोलता तिनं वयनीचं डोकं आपल्या पोटाशी घेतलं.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात वयनीनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेपुढं माझं काही चाललं नाही. मी टोपली खाली ठेवली.

रात्रीतून फोड आले. सकाळी चोळी अंगाला चिकटली होती. तशीच तिला घेऊन निघाले. लाँचमध्ये तिनं पदर अंगापासून दूर धरला होता. मी रागानं विचारलं,

"तुला ठाऊक व्हतं ना? मग बोलली का न्हायस?"

ती म्हणाली, "दसऱ्यापासनं मला कुनी हात लावला न्हवता गो."

"आनि मी?"

"तू पट्टी बांधायचीस." ती म्हणाली, "सुईनबायनं पाठीवर हात ठेवला. वाटलं, आता बोलले तर ती हात काढून घेल."

मी माझ्या पदरानं तिच्यावरचं ऊन अडवलं.

"त्या बायांना सांगू नको," ती म्हणाली. "कळलं तर पुन्ना कुना आजारी बाईला हात लावायच्या न्हाईत. माझी शपथ हाय तुला."

डॉक्टर फार रागावले. शेक थांबला. कातडी भरून यायला उन्हाळा गेला, आणि भरते न भरते तोच गळ्याशी दुसरी गाठ दिसली. शेक पुरा झाला असता तर ती वाचली असती का, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगता येत नाही म्हटलं. भात पसवायच्या, लोंब्या धरायच्या दिवसांत वयनी गेली.

तिच्या बाराव्याला सुईण माझ्याशेजारी येऊन बसली. खूप रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "तेवडं एक पुन्य घडलं गो आमच्या हातनं. तवापासून माझं भ्याव गेलं. वरल्या आळीतली ती खोकल्याची बाय हाय ना, तिच्याकडं कुनी फिरकत न्हाय. मी जाते. येनी घालते तिची."

माझ्या ओठांवर सगळं आलं होतं. रेघा, फोड, डॉक्टरांचा राग, सगळं. तिच्या तोंडावर फेकावं आणि मोकळं व्हावं, असं फार वाटलं.

"व्हय," मी म्हणाले. "वयनी त्या दिशी लय सुखावली व्हती."

हे खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते बोलताना माझा जीव गेला.