किरकोळ दुरुस्ती

कापसावर एकामागून एक संकटं येत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. मी यवतमाळला एका तंत्रनिकेतनात संगणकांची प्रयोगशाळा सांभाळायचो आणि उरलेल्या वेळात एका मुक्त सॉफ्टवेअरची माहितीपानं मराठीत लिहायचो. फुकट, हौसेनं. मिरवायला लिहायचो म्हटलं तर जास्त खरं होईल.

दारव्ह्याची एक छोटी संस्था शेतकऱ्यांच्या मोबाइलवर फवारणीचे, बोंडअळीचे संदेश पाठवायची. तिथं संगणकावर बसणाऱ्या बाई माझीच पानं वाचून शिकलेल्या. संदेश पाठवणारा मोडेम वापरायची परवानगी मिळायला त्यांना आपलं खातं एका गटात घालायचं होतं. माझ्या पानावर त्याची एका ओळीची कमांड होती. ती त्यांनी दिली आणि मोडेम चालू झाला. दोन दिवसांनी सिमकार्ड बदललं म्हणून त्या सेटिंग बदलायला गेल्या, तर संगणक म्हणाला, तुम्हाला हा अधिकार नाही. संदेश बंद पडले.

त्यांचा मला फोन आला.

"सर, तुमच्या पानावरून केलं न् माह्या खात्याचे सगळेच अधिकार गेले."

"बाई, तुम्ही टाइप करताना काहीतरी चुकलात."

"नाही जी. अक्षर न् अक्षर पाहून टाकलं."

"असं होऊच शकत नाही," मी म्हणालो. पान उघडूनही पाहिलं नाही. त्यांचं वऱ्हाडी बोलणं ऐकूनच चूक कुणाची हे मी ठरवून टाकलं होतं. आज हे लिहितानाही कानशिलं तापतात.

आठवड्याभरानं संस्थेचे प्रमुख स्वतः तो संगणक घेऊन यवतमाळला आले. मी दुरुस्तीला बसलो. दिलेल्या कमांडची यादी संगणकात जपलेली असते. तिच्यात बाईंची ओळ होती, हुबेहूब माझ्या पानावरची. आणि माझ्या ओळीत एक छोटा 'ए' राहून गेला होता. तो असला तर खातं जुन्या गटांत राहून नव्या गटात जातं. नसला तर नवा गट तेवढा उरतो, बाकी सगळ्यांतून नाव निघतं. संगणकाचा कारभार चालवणाऱ्यांच्या गटातूनही.

दहा मिनिटांत मी ते नीट केलं.

"बाईनंच बिघडवलं न?" प्रमुखांनी विचारलं. "तिले आता मी रजिस्टरवर बसवलं. संगणक दुसऱ्याले दिला."

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो.

ते गेल्यावर मी पानावर तो 'ए' घातला. बदलाचं कारण लिहावं लागतं, तिथं लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.

महिन्याभरानं पुन्हा बाईंचा फोन आला. अशा पानांचा जुना मजकूर कुणालाही पाहता येतो, हे मीच एका पानावर लिहिलं होतं.

"सर, तो 'ए' पहिले नव्हता न?"

"नव्हता," मी म्हणालो.

"तुमाले कधी समजलं?"

"संगणक माझ्याकडं आला, त्याच दिवशी."

"मंग तेव्हा काहून नाही सांगितलं? मी अजून रजिस्टरच लिहून राह्यली."

दुसऱ्या दिवशी एसटीनं दारव्हा गाठलं. बाईंच्या समोर प्रमुखांना सगळं सांगितलं. ते हसले. "एका अक्षरासाठी एवढ्या दूर आले, सर? चहा घ्या." बाईंना संगणक परत द्या, असं मी म्हणालो. आता दुसऱ्याचा हात बसला, पाहू पुढं, असं ते म्हणाले. बाई समोरच्या रजिस्टरात लिहीत राहिल्या.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. माफी मागायला मी शब्द जुळवत होतो.

"ते जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "प्रिंटरच्या पानावर पण गटाचं नाव चुकलं हाये. कोणी करून पाहायच्या आधी बदला."

यवतमाळला पोचल्याबरोबर पान उघडलं. त्यांचं बरोबर होतं. या खेपेला कारणाच्या जागी मी लिहिलं, 'माझी चूक. दारव्ह्याच्या एका बाईंनी दाखवली.' संगणक मात्र त्यांना परत मिळालाच नाही. दिवाळीनंतर त्यांनी ती नोकरी सोडली.