बोटं सांभाळा

श्रावणातल्या कोवळ्या उन्हाला धुतलेल्या गव्हाचा वास असतो, हे मला राजपुऱ्यात मंगलाताईंच्या ओसरीवर कळले. कानबाई या खानदेशी देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी तिथे गहू वाळत पडलेला असे, आणि त्या ओलसर गंधाच्या मधोमध, बायकांच्या गाण्यांत नि चेष्टांत, मंगलाताईंची अकरा वर्षांची, जन्मांध लेक सोनी सुपात बोटे फिरवत बसलेली असे. डोळस बायकांच्या नजरेतून निसटलेला खडा तिच्या बोटाला नेमका सापडे आणि तिची काकू ओरडे, "हाव व माय, या पोरीपुढं चाळणीचं काय काम!"

मी तिला घरी येऊन ब्रेल शिकवणारा मास्तर. प्रशिक्षण ताजे, अक्कल यायची होती. 'कुटुंबाला सहभागी करून घ्या' असे मला शिकवले होते. सहभागी करून घेणे म्हणजे भाषण ठोकणे, अशी माझी प्रामाणिक समजूत. मी माझा ठेवणीतला गंभीर चेहरा काढला आणि म्हणालो, "ताई, हिची बोटं म्हणजेच हिचे डोळे. ती खरबरीत झाली तर ठिपके कसे कळायचे? बोटं सांभाळा." वाक्य मला इतके आवडले, की पुढे आणखी चार घरांत मी ते ऐकवले.

मी अलंकार वापरला होता; मंगलाताईंनी आज्ञा ऐकली.

वर्षभर शिकवणी आतल्या खोलीतच होई, त्यामुळे मला काही खटकले नाही. पुढच्या श्रावणात गेलो तेव्हा ओसरीवर तोच गहू होता, तीच गाणी होती. सोनी मात्र आतल्या खोलीत, खाटेवर, तेल चोळलेले हात मांडीत घेऊन, कुणी परक्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखी बसलेली.

"वर्ष झालं, सुपाले हात लावू दिला नाही," ताई अभिमानाने म्हणाल्या. "तुमीच तं बोलले होते ना, सर."

"अहो, तसं नव्हतं म्हणायचं मला... बसू द्या तिला तिकडे," मी चाचरलो.

"राहू द्या सर," काकू ओसरीवरून म्हणाली, "आता नवी सून वेचते. सोनीवाचून अडत नाही काही." तिच्या स्वरात माया होती. टोमणा असता तर मी परतवला तरी असता.

सोनीने पुस्तक उघडले. "मले वास येतो ना सर, गव्हाचा," एवढेच ती म्हणाली आणि वाचू लागली. पहिल्यांदाच संपूर्ण धडा, एकही चूक नाही. बाहेर हशा पिकला, की तिचे बोट ओळीवर क्षणभर थबके, मान तिकडे कलत असे आणि ती पुन्हा ओळीला लागे. धडा संपला. तिने चेहरा माझ्या दिशेला वर केला.

मी शाबासकीची मान हलवली. चांगली दोनदा, जोरात.

ती तशीच वाट पाहत राहिली.